चित्र कोणाची चाकरी करते?

आपल्या वाचकांपैकी ज्यांचे आयुष्य मुंबईत गेले, आणि विशेषतः ज्यांनी फोर्टात नोकरी केली, त्यांना काळा घोडा ठाऊक नाही असे व्हायचे नाही. बसच्या कंडक्टरला नुसते ‘काळा घोडा’ म्हटले की पुरे होई. त्या घोड्यावर बसलेला स्वार कोण, हे मात्र विचारले तर फार थोड्यांना सांगता आले असते. तो स्वार म्हणजे इंग्लंडचा युवराज, जो पुढे सातवा एडवर्ड या नावाने गादीवर बसला. हा युवराज १८७५ साली मुंबईस आला होता. त्या भेटीची आठवण राहावी म्हणून सर आल्बर्ट ससून या बगदादी यहुदी व्यापाऱ्याने व्हिएन्नात जन्मलेल्या जोसेफ बोएम नावाच्या शिल्पकाराकडून हा पुतळा करवून घेतला आणि १८७९ साली तो शहरात उभा राहिला. पुढे देश स्वतंत्र झाला. १९६५ साली पुतळा तेथून काढून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवला गेला. जागेचे नाव मात्र काळा घोडाच राहिले. २०१७ साली त्या भागात पुन्हा एक काळा घोडा उभारण्यात आला, पण या घोड्याच्या पाठीवर कोणीच नाही.

ही हकीकत आठवली की आम्हांला दर वेळी एक प्रश्न पडतो. पुतळा उभा राहिला तेव्हा राजनिष्ठा हा मोठा सद्गुण समजला जात होता. शंभर वर्षे पुरी होण्याच्या आत तोच सद्गुण लाजिरवाणा वाटू लागला आणि स्वार खाली उतरला. मग ज्याने पैसे दिले तो चुकला होता काय? ज्याने ब्राँझ ओतले तो खोटे बोलला होता काय? ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. चित्रकाराच्या आणि शिल्पकाराच्या बाबतीत तीच खरी म्हणावयाची, तर राजवाड्यांत आणि संग्रहालयांत टांगलेल्या हजारो चित्रांना आपण नुसत्या टाळ्याच समजायचे काय? की त्यांत टाळीपलीकडेही काही असते?

आपण बेने इस्राएल लोक चित्राकडे तसे जपूनच पाहत आलो. मूर्ती करून तिच्यापुढे वाकू नये, ही दुसरी आज्ञा आपल्याला पाळण्यात असल्यापासून शिकविलेली. तरीदेखील कोकणातून मुंबईस आणि मुंबईहून इस्राएलात आलेल्या आपल्या कित्येक घरांत अग्निरथातून आकाशात जाणाऱ्या एलियाहू हन्नाबींचे चित्र भिंतीवर असते. त्या चित्राकडे आपण प्रेमाने पाहतो, त्याच्यापुढे वाकत नाही. म्हणजे पाहणे वेगळे आणि वाकणे वेगळे, हा भेद आपल्याला घरच्या घरी कळलेला आहे. युरोपातील सत्तेची चित्रे पाहतानाही हाच भेद हाताशी धरून चालावे, असे आम्हांला वाटते.

प्रथम आपल्या सर्वांना ठाऊक असलेले एक शिल्प घेऊ. रोम शहरात टायटसची कमान आहे. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे पवित्र मंदिर जाळले, त्या विजयाची आठवण म्हणून टायटसच्या मृत्यूनंतर, म्हणजे इ. स. ८१ नंतर, त्याचा भाऊ डोमिशियन याने ती उभारली. कमानीच्या आतील बाजूस दगडात कोरलेली मिरवणूक आहे. डोक्यावर पाने बांधलेले रोमन लोक मंदिरातील लूट खांद्यावर घेऊन चालले आहेत, आणि त्या लुटीत सात फांद्यांचा मेनोरा सर्वांत ठळक दिसतो. शिल्पकाराने पोळी रोमची खाल्ली आणि टाळी रोमचीच वाजविली. पराभूतांचा अपमान कायमचा दगडात राहावा, हाच त्यामागचा हेतू. रोमचे यहुदी पिढ्यान्‌पिढ्या त्या कमानीखालून जात नसत, असे सांगतात.

आणि पुढे काय झाले? १९४९ च्या फेब्रुवारीत इस्राएल राष्ट्राने आपले राजचिन्ह ठरविले, तेव्हा लॅटव्हियातून आलेल्या गाब्रिएल आणि मॅक्झिम शामीर या भावांनी काढलेल्या चिन्हात मेनोरा घेतला तो त्याच कमानीवरचा. शेजारी दोन बाजूंना ऑलिव्हच्या डहाळ्या ठेवल्या. शत्रूने लुटीची पावती म्हणून जे कोरून ठेवले, तेच आपल्या मालकीचा पुरावा म्हणून उपयोगी पडले. यावरून पहिली गोष्ट ध्यानात येते, ती ही की चित्र कोणाच्याही पैशाने झालेले असो, त्याचा अर्थ त्या पैसे देणाऱ्याच्या पेटीत कायमचा बंद राहत नाही. पाहणारा बदलला की चित्रही बदलते.

परंतु म्हणून करणाऱ्याची जबाबदारी संपते काय? येथे आम्ही वाचकांना इटलीतील सिएना या गावी नेतो. १३३८-३९ साली आंब्रोजो लोरेन्झेत्ती या चित्रकाराने तेथील नगरभवनातील एका दालनाच्या भिंती रंगविल्या. त्या काळी गावात राजा नव्हता. मुख्यतः व्यापारी आणि सावकार वर्गातील नऊ जणांचे मंडळ कारभार पाही, दर दोन महिन्यांनी नवे नऊ जण येत, आणि याच दालनात त्यांची बैठक भरे. त्यांच्यासाठी चित्रकाराने चांगले राज्य आणि वाईट राज्य अशी दोन्ही चित्रे काढली. चांगल्या राज्यात न्यायदेवता तराजू धरून बसली आहे. तिच्या पायाशी एकोपा नावाची स्त्री आहे, आणि तिच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे. माणसामाणसांतील उंचसखलपणा तासून सारखा करावा, हा त्याचा अर्थ. तिच्या हातून निघालेला दोर चोवीस नागरिक धरून उभे आहेत. पुढच्या भिंतीवर त्या राज्याचे फळ दिसते. गावात मुली फेर धरून नाचत आहेत, गवंडी घर बांधीत आहेत, दुकाने उघडी आहेत, शेतकरी वेशीतून धान्य आत आणीत आहेत. समोरच्या भिंतीवर शिंगे असलेला जुलमी राजा बसला आहे आणि न्यायदेवता त्याच्या पायाशी बांधून पडली आहे.

हे चित्र म्हणजे सत्य होते काय? नव्हते. चित्रातील शेतकऱ्यांना त्या नऊ जणांच्या निवडीत काही आवाज नव्हता. वेशीबाहेर आकाशात उडणाऱ्या ‘सुरक्षितता’ नावाच्या देवतेच्या हातात फासावर लटकविलेल्या माणसासह वधस्तंभ आहे. म्हणजे ती सुखशांती कशाच्या जोरावर होती, हे चित्रकाराने लपविलेले नाही. तरीही आम्हांला हे चित्र थोर वाटते. त्याचे कारण ते कोठे काढले आहे, यात आहे. ते राज्यकर्त्यांच्या बैठकीच्या खोलीत, त्यांच्याच डोळ्यांसमोर काढले. कर बसविताना, शिक्षा फर्मावताना मान वर केली की त्या नऊ जणांना दोन्ही भिंती दिसणार. आदर्श एकदा भिंतीवर रंगविला की तो काढवून घेणाऱ्यालाच जाब विचारू लागतो. त्या मंडळाची सत्ता १३५५ साली उलथली. भिंती अजून बोलत आहेत.

याच्या उलट टोकाला १७०१ साली इयासिंत रिगो याने काढलेले फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे चित्र आहे. राजा तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. कमळांची नक्षी असलेला, आतून पांढऱ्या केसाळ कातड्याचा झगा, डोक्यावर केसांचा मोठा टोप, आणि झग्याखालून मुद्दाम पुढे केलेले तरुण माणसाचे वाटावेत असे पाय. हे चित्र स्पेनच्या गादीवर बसलेल्या नातवाला पाठवावयाचे होते, परंतु राजाला ते इतके आवडले की त्याने ते स्वतःजवळच ठेवून घेतले. सिएनाच्या चित्रात चोवीस नागरिक दोर धरून होते, येथे एकटा राजा आहे, आणि राज्य म्हणजे त्याचा देह. सिएनाचे चित्र राज्यकर्त्याला प्रश्न विचारते, रिगोचे चित्र पाहणाऱ्याला वाकावयास सांगते. दोघांनीही बिदागी घेतलीच होती. तेव्हा दोष बिदागीत नाही, हे येथे स्पष्ट होते.

आता ज्याच्यावरून सर्वांत अधिक वाद होतो, त्या झाक लुई दाविद याच्याकडे वळू. एकाच माणसाच्या हातून युरोपचे तीन राजकीय आदर्श कसे रंगविले गेले, हे त्याच्या आयुष्यात दिसते. १७८४ साली त्याने होरेशियस बंधूंच्या शपथेचे चित्र काढले. तीन भाऊ बापाच्या हातातील तलवारींसमोर हात पुढे करून रोमसाठी लढण्याची शपथ घेतात, आणि कोपऱ्यात घरच्या बायका रडत बसल्या आहेत. घराण्यापेक्षा देश मोठा, असे हे चित्र सांगते, आणि त्याला पैसे दिले ते सोळाव्या लुई राजाच्या सरकारने. पुढे क्रांती झाली. दाविद लोकसभेत निवडून गेला आणि १७९३ च्या जानेवारीत त्याने त्याच राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिले. त्या वर्षीच्या जुलैत क्रांतीचा पुढारी मारा याचा शार्लोत कोर्दे या तरुणीने त्याच्या न्हाणीत खून केला. दाविदने लगेच त्याचे चित्र काढले. मारा त्वचेच्या रोगाने पिडलेला होता आणि म्हणूनच तासन्‌तास टबात बसून काम करी. चित्रात त्या रोगाची खूण नाही. एका हातात पत्र, दुसऱ्यात लेखणी, आणि चेहऱ्यावर शांती. जणू तो एखादा हुतात्मा संत आहे. ज्या माराने आपल्या लेखणीने कित्येकांची डोकी मागितली, तो मारा येथे नाही.

पुढच्याच वर्षी रोबस्पिएर पडला आणि दाविद तुरुंगात गेला. सुटून आल्यावर त्याला नवा नायक मिळाला. १८०१ साली त्याने आल्प्स ओलांडणारा नेपोलियन रंगविला. घोडा दोन पायांवर उभा, अंगरखा वाऱ्यावर उडतो आहे, आणि खाली खडकावर बोनापार्टच्या जोडीला हॅनिबाल आणि शार्लमेन यांची नावे कोरलेली. प्रत्यक्षात १८०० च्या मे महिन्यात नेपोलियनने तो घाट खेचरावर बसून ओलांडला. पन्नास वर्षांनी पोल देलारोश या चित्रकाराने ते खेचर आणि पुढे चालणारा वाटाड्या काढून दाखविला. नेपोलियनच्या राज्याभिषेकाचे जे भव्य चित्र दाविदने १८०७ पर्यंत पुरे केले, त्यात मध्यभागी नेपोलियनची आई बसलेली दिसते. ती माउली त्या समारंभाला आलीच नव्हती. नेपोलियन गेला, राजघराणे परतले, आणि राजाच्या मृत्यूला मत देणारा म्हणून दाविदला देश सोडावा लागला. १८२५ साली तो ब्रुसेल्सला परदेशातच वारला.

दाविदला काय म्हणावे? वारा येईल तशी पाठ फिरविणारा, असे म्हणणे सोपे आहे. आम्हांला ते पुरते पटत नाही. ज्याने स्थलांतर केले आहे, एका झेंड्याखालून दुसऱ्या झेंड्याखाली संसार हलविला आहे, त्याने दुसऱ्याच्या निष्ठा बदलल्या म्हणून चटकन बोट दाखवू नये. आपल्या वाडवडिलांनी इंग्रजांच्या पलटणीत नोकऱ्या केल्या, त्यांच्या नातवंडांनी तिरंग्याला सलाम केला, आणि त्यांच्या पतवंडांनी निळ्या ताऱ्याच्या झेंड्याखाली शपथ घेतली. यात लबाडी नव्हती. निष्ठा बदलणे हा दाविदचा अपराध नव्हे. रोग पुसणे, खेचराचा घोडा करणे, न आलेल्या आईला आसनावर बसविणे, ही मात्र विचार करण्याजोगी गोष्ट आहे. थोर पुरुषाला आणखी थोर करण्यासाठी जे खरे घडले तेच पुसले, तर त्या थोरपणावर आपलाच विश्वास कमी होता, असे होत नाही काय?

त्याच काळात स्पेनमध्ये गोया होता. त्यालाही सत्तेची पोळी खावी लागली. स्पेनचा राजा गेला, फ्रेंचांनी नेपोलियनचा भाऊ जोसेफ याला गादीवर बसविले, तेव्हा गोयाने १८१० साली माद्रिद शहराचे एक रूपकचित्र काढले. त्यातील गोल ढालीत जोसेफचा चेहरा होता. राज्ये पालटू लागली तसा तो चेहरा पुसून तेथे ‘राज्यघटना’ हा शब्द आला, मग पुन्हा चेहरा, पुन्हा शब्द, मग परतलेल्या स्पॅनिश राजाचा चेहरा. आज त्या ढालीत ‘दोन मे’ एवढीच अक्षरे आहेत. सत्तेच्या चाकरीत चित्राची काय दशा होते, याचे याहून उघड उदाहरण आम्हांला माहीत नाही.

परंतु त्याच गोयाने १८१४ साली दुसरे चित्र काढले. १८०८ च्या मेच्या तीन तारखेला माद्रिदमध्ये फ्रेंच शिपायांनी बंडखोरांना गोळ्या घातल्या, त्याचे हे चित्र. तेही सरकारी मदतीनेच झाले. मात्र त्यात राजा नाही, सेनापती नाही, विजय नाही. उजवीकडे शिपायांची रांग आहे, आणि त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा दिसत नाही. डावीकडे जमिनीवर ठेवलेल्या कंदिलाच्या उजेडात पांढरा सदरा घातलेला एक साधा मजूर दोन्ही हात वर करून उभा आहे, आणि त्याचा चेहरा पुरता दिसतो. चित्रकाराने चेहरा कोणाला दिला, यातच सारे आले. युद्धाच्या भयंकर गोष्टींची जी ठशांची मालिका त्याने केली, ती तर कोणी मागितलेलीच नव्हती. १८२८ साली गोया वारला, आणि ती प्रसिद्ध झाली १८६३ साली.

१८३० च्या जुलैत पॅरिसमध्ये पुन्हा क्रांती झाली. देलाक्रवाने प्रेतांच्या ढिगावरून तिरंगी निशाण घेऊन पुढे धावणारी स्वातंत्र्यदेवता काढली. तिच्या एका बाजूला दोन पिस्तुले घेतलेला पोरगा, दुसऱ्या बाजूला उंच हॅटवाला इसम. ज्या राजाला ही क्रांती गादीवर घेऊन आली, त्या लुई फिलिपच्या सरकारने १८३१ साली चित्र तीन हजार फ्रँकला विकत घेतले. आणि मग घाबरून ते लोकांच्या नजरेआड केले. जिच्या पाठीवरून आपण गादीवर चढलो, ती उद्या आपल्यालाच खाली ओढील, हे त्या राजाला समजले होते. लूव्ह्र संग्रहालयात हे चित्र १८७४ साली लागले. विकत घेतलेल्या टाळीनेच धन्याचे कान फाटावेत, असा हा प्रकार.

आता आपल्या अगदी जवळच्या चित्राकडे येऊ. मोरित्स दानिएल ओपनहाइम हा जर्मनीतील हानाउ गावी १८०० साली जन्मलेला यहुदी चित्रकार. त्याने १८३३-३४ साली एक चित्र काढले. नेपोलियनविरुद्धच्या लढाईत जर्मनीच्या बाजूने स्वेच्छेने लढलेला एक यहुदी तरुण जखमी होऊन घरी परतला आहे. घरात शब्बाथ आहे. आई, बहिणी, धाकटे भाऊ त्याच्याभोवती जमले आहेत. त्याच्या गणवेषावर शौर्याचे पदक आहे, आणि ते पदक क्रुसाच्या आकाराचे. बाप त्या पदकाकडे पाहतो आहे. त्याच्या मनात अभिमान आहे की काळजी, हे सांगता येत नाही. मुलगा शब्बाथच्या दिवशी प्रवास करून आला असावा, हेही त्याच्या ध्यानात आले असेल. ज्या राज्यांसाठी असे तरुण लढले, त्यांपैकी अनेकांनी युद्ध संपताच यहुद्यांना दिलेले हक्क आखडते घेतले होते. चित्र म्हणजे त्याची आठवण होती. आम्ही रक्त दिले, आता तुमचा शब्द पाळा, असे ते सांगत होते. बाडेनच्या यहुद्यांनी हे चित्र आपल्या हक्कांसाठी झगडणाऱ्या गाब्रिएल रीसर याला भेट दिले, ते उगाच नव्हे. साऱ्या जर्मनीत समान हक्क मिळावयास १८७१ साल उजाडले, आणि १९३५ साली ते पुन्हा हिरावले गेले. मग ओपनहाइमचा आदर्श फसवा होता काय? आम्हांला तसे वाटत नाही. मागणी न्याय्य होती. वचन मोडणारा खोटा ठरतो, वचनाची आठवण देणारा नव्हे.

१९३७ सालापर्यंत येता येता हा प्रश्न अगदी धारेवर आला. त्या वर्षी १८ जुलैला म्युनिकमध्ये नाझींनी आपल्या पसंतीच्या कलेचे प्रदर्शन उघडले. बलदंड देह, आज्ञाधारक चेहरे, टापटीप शेतकरी. दुसऱ्याच दिवशी जवळच ‘भ्रष्ट कले’चे प्रदर्शन उघडले. संग्रहालयांतून जप्त केलेली सुमारे साडेसहाशे कामे थट्टेच्या मजकुरासह वेडीवाकडी टांगली होती. सत्तेने आपली स्तुती विकत घेणे हे जुनेच. स्तुतीवाचून दुसरे काही दिसूच नये, ही नवी गोष्ट होती. त्याच उन्हाळ्यात पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या मंडपात पिकासोचे ‘गेर्निका’ लागले. २६ एप्रिलला विमानांनी बाँब टाकून बेचिराख केलेल्या गावाचे ते चित्र. मेलेले मूल घेतलेली आई, किंचाळणारा घोडा, वर एक दिवा. बाँब टाकणारा चित्रात कोठेच नाही. तेही सरकारने मागविलेलेच होते, आणि ते सरकार पुढे दोन वर्षांत हरले. चित्र न्यूयॉर्कला राहिले आणि स्पेनमध्ये लोकशाही परतल्यावर १९८१ साली आपल्या देशी आले.

आणि ज्याला कोणीच पोळी दिली नाही, असाही एक चित्रकार होता. फेलिक्स नुसबाउम, १९०४ साली ओस्नाब्रुक येथे जन्मलेला यहुदी. ब्रुसेल्समध्ये लपून असताना १९४३ च्या सुमारास त्याने स्वतःचे चित्र काढले. कोटावर पिवळा तारा, हातात ‘यहुदी’ असा शिक्का मारलेले ओळखपत्र, मागे उंच भिंत. तो आपल्याकडे वळून पाहतो आहे, जणू त्याला आपणच पकडले. १९४४ साली त्याला पकडून आउशविट्झला नेले आणि तेथे तो मारला गेला. त्याच्या चित्राला धनी नव्हता, भिंत नव्हती, पाहणाराही नव्हता. तरी त्याने ते काढले. सत्तेने त्याला जी ओळख चिकटविली, ती त्याने स्वतःच्या हाताने धरून आपल्यासमोर केली, आणि तिच्यामागचा माणूस दाखविला.

एवढे पाहिल्यावर मूळ प्रश्नाला उत्तर काय? चित्र बहुधा कोणाची तरी चाकरी करते, हे मान्य करावे लागते. चाकरी करूनही ते खरे राहू शकते. ते खरे राहिले की नाही, हे ओळखण्यासाठी आम्ही स्वतःला तीन साधे प्रश्न विचारतो. यात चेहरा कोणाला दिला आहे? जे घडले त्यातले काय पुसले आहे? आणि हे चित्र पैसे देणाऱ्यालाही काही विचारते, की फक्त आपल्याला वाकावयास सांगते?

हे प्रश्न दुसऱ्यांच्या चित्रांना विचारणे सोपे आहे. आपल्या घरातल्या चित्रांना विचारले तर? आपण येथे आलो तेव्हाची छायाचित्रे आपण जपून ठेवली आहेत. विमानाच्या जिन्यावर उभे राहून हसणारी आजी, नव्या घरासमोर ओळीने उभी मुले, सैन्याच्या गणवेषातला पहिला मुलगा. समाजाच्या समारंभाच्या पुस्तिकेत आपण तीच छापतो, आणि छापावीतच. परंतु १९६० नंतरची ती वर्षे आपल्याला आठवतात. आपल्या विवाहांवर शंका घेतली गेली, आपली पिढ्यान्‌पिढ्यांची यहुदीयत तपासण्याची भाषा झाली, आणि १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांना यरुशलेमात धरणे धरावे लागले. अखेर त्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत असे जाहीर केले. ओपनहाइमच्या चित्रातील बापाची नजर आपल्या कितीतरी बापांनी त्या दिवसांत अनुभवली. त्या धरण्याचे छायाचित्र आपल्यापैकी किती घरांत लावलेले आहे?

कोणी म्हणेल, जुनी दुखणी कशाला उगाळावयाची? आता सारे ठीक आहे, मुलांना कटुता कशाला? या म्हणण्यात माया आहे, आणि आम्ही तिला हसत नाही. पण दाविदनेही मायेनेच माराचा रोग पुसला असेल. ज्यांनी उन्हात बसून आपला हक्क मागितला, त्यांना चित्रातून वगळले, तर हक्क फुकट मिळाला होता अशी नातवंडांची समजूत होईल. उद्या दुसऱ्या कोणा नव्या आलेल्यांना धरणे धरावे लागले, तर त्यांच्याकडे पाहून नाक मुरडणारीही तीच नातवंडे असतील. म्हणून आनंदाच्या छायाचित्रांशेजारीच त्या दिवसांचेही एखादे छायाचित्र लावावे. आपल्या देशावर प्रेम करणाऱ्याने देशाला त्याच्या वचनाची आठवण द्यावी, यात बेइमानी नाही. सिएनाच्या त्या नऊ जणांनी आपल्याच पैशाने आपल्यासमोर वाईट राज्याचेही चित्र काढवून घेतले होते, एवढे तरी आपल्याला जमावे.

मुंबईचा तो नवा घोडा पाठीवर कोणालाही न घेता उभा आहे. आता त्याच्यावर कोणाला बसवावे, असा प्रश्न मनात आला तर आमचे म्हणणे एवढेच, की कोणालाच बसवू नये. बसविलाच, तर तो खरोखर घोड्यावरून आला होता की खेचरावरून, एवढे आधी विचारून घ्यावे.